लॅक्स्टन: बांध नसलेली शेती आणि वर्षातून एकदा भरणारं कोर्ट

धुक्यातला_विठू

मंडळी, इंग्लंडात नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूअर्क आणि ओलर्टनच्या मधल्या टापूत लॅक्स्टन नावाचं खेडं आहे. एक चर्च, एक पब, एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही बाजूंना विटांची घरं. गाडीतून जाताना लक्षही जाणार नाही. पण मध्ययुगात जवळजवळ अर्ध्या इंग्लंडात जशी शेती चालायची, तशी ती इथं अजून चालते.

गावाभोवती तीन मोठी रानं आहेत: मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड. आत ना कुंपण, ना झुडपांची रांग, ना बांध. प्रत्येक रानात लांब पट्टे पाडलेत आणि एकेका कुळाचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले आहेत. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक आणि तिसरं पडीक (हल्ली तिथं चारा घेतात). पुढच्या वर्षी सगळं एक घर सरकतं. माझ्या पट्ट्यात मी मला हवं ते पेरीन, असं इथं म्हणता येत नाही.

आणि बांध नाही म्हटल्यावर भांडण आलंच. त्यासाठी गावाचं स्वतःचं कोर्ट आहे, कोर्ट लीट. नोव्हेंबरअखेर गावातल्याच शेतकऱ्यांची बारा जणांची ज्यूरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नुकत्याच पेरलेल्या गव्हाच्या रानात जाते. कुणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सामाईक वाटेत घुसलाय, कुणी चर साफ केलेला नाही, हे बघते आणि हद्दीच्या खुंट्या नव्यानं ठोकते. पुढच्या आठवड्यात 'डव्हकोट इन' या पबमध्ये कोर्ट बसतं आणि दंड ठोठावला जातो.

माझा प्रश्न असा: हे जिवंत गाव मानायचं की हौसेनं जपलेलं संग्रहालय? माझं मत जिवंतकडे झुकतं, पण माझ्या ऑफिसातले इंग्रज सहकारी हसतात. तुम्ही काय म्हणता?

मिरचीचा_ठेचा

पबमध्ये कोर्ट! वकिली करायची राहून गेली आयुष्यात.

सदूभाऊ_माणदेशी

विठूराव, ट्रॉलीत बसून खुंट्या ठोकणारी ज्यूरी वाचून जीव हळहळला. आमच्याकडं शेजाऱ्यानं दरवर्षी एकेक तास (नांगराची एक रेघ) करत बांध कोरत आणलाय. मोजणी झाली, दगड रोवले, पावसाळ्यानंतर दोन दगड जागेवरच नाहीत. आता ते कोण काढतं हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, पण बोलायचं कुणी? सणावाराला समोरासमोर जेवायला बसायचं असतं.

म्हणून विचारतो. तुमच्या त्या ज्यूरीतला माणूस स्वतःच्या भावकीला दंड करतो का? का नुसता देखावा?

धुक्यातला_विठू

सदूभाऊ, करतात. रक्कम किरकोळ असते, त्यानं कुणाचं दिवाळं निघत नाही. पण भरल्या पबात, सगळ्या शेजाऱ्यांसमोर नाव वाचलं जातं. शिवाय आज तुम्ही ज्यूरीत असलात तरी पुढच्या वर्षी तुमच्या पट्ट्याची पाहणी दुसरे करणार असतात, त्यामुळे फार ताणूनही चालत नाही आणि फार सोडूनही चालत नाही. ज्यूरी दरवर्षी नव्यानं नेमतात. मी पाहणीच्या दिवशी लांबून बघत होतो. एक जण चिखलात वाकून दोन खुंट्यांच्या रेषेत एक डोळा मिटून बघतोय, दुसरा मोगरीनं खुंटी ठोकतोय, बाकीचे दहा जण ती वाकडी आहे असं सांगतायत. ज्याचा पट्टा तो बिचारा गप्प उभा.

अ‍ॅड_कावेरी

कायद्याच्या बाजूनं थोडं. असली जमीनदारी कोर्टं इंग्लंडात शेकड्यांनी होती. बहुतेकांचं काम दिवाणी न्यायालयांकडे गेलं आणि १९७७ च्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस अ‍ॅक्टनं उरलीसुरली कोर्टं नावापुरती करून टाकली. काही गावांत आजही ती भरतात, पण झगे घालून मिरवायचं आणि जेवायचं एवढंच. लॅक्स्टनचा अधिकार मात्र त्या कायद्यानं राखून ठेवला. म्हणजे पबमधला दंड हा थट्टेचा दंड नाही.

कोर्टात जमीनमालकाचा प्रतिनिधी म्हणून कारभारी असतो, तो सहसा सॉलिसिटर. पण रानात जाऊन चूक कुणाची ते ठरवतात शेतकरीच. मला यात हेच भावतं. साक्षीपुरावे, तारखा, स्थगिती काही नाही. बघणारे आणि निवाडा देणारे तेच, आणि दोघांच्याही बुटांना त्याच रानाचा चिखल.

मिरचीचा_ठेचा

ताई, तारखा नाहीत तर तुमच्या लोकांचं पोट कसं भरायचं?

अ‍ॅड_कावेरी

म्हणूनच मी पुण्यात आहे, लॅक्स्टनमध्ये नाही.

पोथीबाज

धागा चांगला आहे, पण 'पूर्वजांचं शहाणपण गावानं निष्ठेनं जपलं' या वळणावर जाऊ नये म्हणून आधीच लिहितो. लॅक्स्टन वाचलं ते निष्ठेमुळे कमी आणि योगायोगामुळे जास्त.

१६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटनं कुंपणबंदीचे पाच हजारांहून जास्त कायदे केले. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण जमिनीचा पाचव्याहून थोडा जास्त हिस्सा, त्यात सामाईक पद्धतीतून निघून एकेकाच्या मालकीच्या कुंपणबंद शेतांत गेला. मोठ्या मालकांना एकत्र तुकडे आणि वाढीव खंड मिळाला. ज्याची एक गाय गायरानावर जगत होती, त्याला काही नाही.

लॅक्स्टनमध्ये हेच व्हायला हवं होतं. पण इथं मॅनव्हर्स आणि स्कारबरो या दोन उमरावांच्या जमिनी एकमेकींत मिसळलेल्या होत्या आणि त्यांचं आपसात जमेना. जमेपर्यंत एकोणिसावं शतक संपत आलं, अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला, शेतीला मंदी आली. कुंपणं घालायला, रस्ते काढायला, मोजण्या करायला पैसा कोण घालणार? राहून गेलं.

आणि जे राहिलं तेही जसंच्या तसं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स इस्टेटीनं पट्टे एकत्र करून मोठे केले आणि मोकळ्या रानाचं क्षेत्र कमी केलं. त्यामुळे आज दिसतात ते मध्ययुगीन पट्टे नव्हेत.

रानवाटा

+१. पण पोथीबाज, योगायोगानं वाचलं हे मान्य केलं तरी १९०० नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांचं काय? तेव्हा मोडायला सगळे मोकळेच होते की.

पोथीबाज

मोकळे होते आणि मोडलंही असतं. १९५२ साली अर्ल मॅनव्हर्सनं गाव कृषी मंत्रालयाला विकलं, ते मुद्दाम पद्धत टिकावी म्हणून. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजाच्या नावावरच्या सार्वजनिक मालमत्तेकडे गेलं. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं लॅक्स्टन सरकारी छत्राखाली होतं. विठूंच्या सहकाऱ्यांचं हसणं अगदीच बिनबुडाचं नाही.

हिरवा_चहा

मी लेस्टरला राहते, दोनदा जाऊन आलेय. घरांकडे नीट बघा असं सांगेन. इतर इंग्रजी खेड्यांत शेतकऱ्याचं घर गावाबाहेर, आपल्या शेताच्या मधोमध असतं, कारण कुंपणबंदीनंतर ज्याची जमीन एका जागी आली तो तिथं राहायला गेला. लॅक्स्टनमध्ये शेतकऱ्यांची घरं अजून मुख्य रस्त्यालाच चिकटून आहेत. बरीच घरं रस्त्याकडे आडवी भिंत करून उभी आणि मागं अंगण, गोठे, कोठारं. जमीनच तिन्ही दिशांना विखुरलेली, तर गावाबाहेर जाऊन राहणार कुठल्या दिशेला?

त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर, शेणाचा वास, कुत्री, सगळं गावात. आजूबाजूच्या सुबक खेड्यांत गुलाबाचे ताटवे आणि चकचकीत गाड्या असतात, शेती नावालाही दिसत नाही. मला तरी लॅक्स्टन जास्त गाव वाटलं.

आणि हो, तिथं कोंडवाडा आहे! दगडविटांचा, आपल्याकडे असतो तसाच. भटकं जनावर पकडून आत घालायला माणूस असतो, त्याला पिंडर म्हणतात, आणि त्याची नेमणूक कोर्टच करतं. हल्ली त्याला काम कितपत असतं कोण जाणे.

सदूभाऊ_माणदेशी

कोंडवाडा! आमच्या गावच्या कोंडवाड्यात आता पंचायतीच्या खुर्च्या ठेवलेत.

अ‍ॅड_कावेरी

सदूभाऊ, तुमच्या कोंडवाड्यामागं १८७१ चा कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट होता. इंग्रजांनी जाताना खुर्च्यांचा विचार केला नसणार.

बार्देशकर

मी गोंयचो, म्हणून एक विचारतो. सामाईक जमिनीतलं उत्पन्न वाटतात का तिथं? आमच्या गांवकारीत, म्हणजे गोव्यातल्या गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेत, गावची शेतं लिलावानं ठरावीक वर्षांसाठी द्यायची, देवळाचा नि बांधबंदिस्तीचा खर्च काढायचा, आणि उरलं ते गावकारांत झोण म्हणून वाटायचं. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात (सनदेत) हे रिवाज लिहून काढले, पण पद्धत त्यांच्या आधीची. आज कोमुनिदादींत (गांवकारीचं पोर्तुगीज नाव) काय चाललंय त्यावर न बोललेलं बरं.

धुक्यातला_विठू

बार्देशकर, नेमकी जागा पकडलीत. रानांमध्ये नांगरता येत नाहीत अशा ओलसर सखल गवताच्या पट्ट्या आहेत, त्यांना साइक म्हणतात. त्यांवर कुणा एकाचा हक्क नाही. उन्हाळ्यात तिथल्या गवताचा लिलाव होतो. शतकानुशतकं नांगर आणि खत न लागल्यामुळे तिथं रानफुलांची जी दाटी असते ती बाकी इंग्लंडात आता शोधावी लागते, म्हणून त्या पट्ट्यांना निसर्गसंरक्षणाचा दर्जाही आहे. ज्यूरी दंड करते तो बऱ्याचदा याच साइकमध्ये नांगर घुसवल्याबद्दल. शेजाऱ्याचं तास खाल्लं तर शेजारी ओरडतो. सगळ्यांचं खाल्लं तर ओरडणार कोण? तिथं ज्यूरी लागते.

नकाशेवाला

उशिरा येतोय, पण लॅक्स्टनच्या धाग्यात १६३५ च्या नकाशाचा उल्लेख नाही म्हणजे पंगतीत मीठ विसरण्यासारखं आहे. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं त्या वर्षी सबंध गाव मोजलं आणि प्रत्येक पट्टा, कुणाकडे किती, याची जमीनवही आणि नकाशा केला. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्ट्यांवर बोटाच्या पेराएवढी माणसं काढलीत: नांगरणारी, कापणी करणारी, शिकार करणारी. मोजणीच्या कागदावर नांगऱ्या काढणारा मोजणीदार मला फार आवडतो.

आता गंमत. ही मोजणी करून घेतली ती गावाचा नवा मालक सर विल्यम कोर्टन यानं. हा लंडनचा बडा व्यापारी, बार्बेडोसच्या इंग्रज वसाहतीत पैसा घातलेला. त्याच १६३५ साली त्यानं राजा पहिल्या चार्ल्सकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून पूर्वेकडे व्यापाराचा परवाना मिळवला. १६३६ च्या वसंतात जॉन वेडेलच्या हाताखाली ताफा निघाला आणि ऑक्टोबरात पोचला कुठं? गोव्याला! तिथून भटकळ, मग पुढं मकाव आणि कँटन. १६३८ च्या सुमारास कोर्टनच्या मंडळींनी कारवारला वखार घातली. तो स्वतः १६३६ मध्येच वारला, मुलाच्या हातात धंदा बुडाला आणि लॅक्स्टन पिअरपाँट घराण्याकडे गेलं. मॅनव्हर्स हे त्यांचेच वारस.

बार्देशकर

देवा रे. म्हणजे ज्यानं ते पट्टे मोजून घेतले त्याचीच तारवं आमच्या मांडवीत?

नकाशेवाला

त्याचीच. आणि पोर्तुगीज काही त्यांना बघून खूश झाले नव्हते.

मिरचीचा_ठेचा

चला, धागा अधिकृतपणे कोकण किनाऱ्याला लागला. आता तासाभरात कुणीतरी काजूफेणीवर लिहील.

बार्देशकर

फेणीवर वेगळा धागा काढा, येतो.

टेक्सासचा_तुकाराम

मला या पद्धतीचं गणित कळत नाही. एका शेतकऱ्याची जमीन तीन रानांत, वीस तुकड्यांत विखुरलेली. ट्रॅक्टर घेऊन इकडून तिकडे फिरण्यातच डिझेल जाणार. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ मध्ये मुंबई प्रांतानं का केला? तुकडे परवडत नाहीत म्हणूनच. मग तीच गोष्ट इंग्लंडात 'वारसा' आणि आपल्याकडे 'मागासलेपण' कशी?

पोथीबाज

तुकाराम, तुकडे आणि तुकडे यांत फरक आहे. आपल्याकडचे तुकडे वाटण्यांतून पडले, बापाच्या जमिनीचे चार भावांत चार. लॅक्स्टनचे पट्टे कुळांचे, ते वारसांत फोडत बसायची सोय नाही.

विखुरण्यामागंही हिशेब होता. तिथली माती भारी चिकणमाती आहे. एका रानाचा उतार पाणथळ, दुसऱ्याचा कोरडा. सगळ्यांना थोडी बरी, थोडी वाईट मिळाली तर एका खराब वर्षात एकच घर बुडत नाही. आणि पट्टा लांब का? बैलांची जोत वळवायला वेळ आणि जागा लागते. एकदा सरळ धरलं की बैल दमेपर्यंत जायचं. इंग्रजी फर्लांग म्हणजे मुळात त्या तासाचीच लांबी, २२० यार्ड. त्याला २२ यार्ड रुंदी लावली की एक एकर.

सदूभाऊ_माणदेशी

आणि बेवडाचा (पीक पालटून घेण्याचा) फायदा विसरू नका. सगळ्या रानात एकच पीक, शेजारी तेच, तर कीड, राखण, पाखरं, जनावरं सगळ्यांची सोय एकदम लागते. आमच्याकडं एकाचा ऊस, मधे दुसऱ्याची ज्वारी, त्यापलीकडं तिसऱ्याचं पडीक. ज्वारीवाल्यानं पाखरं हाकत बसायचं आणि पडीकातली जनावरं उसात. हे एकत्र ठरवता आलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती. पण ठरवणार कोण? ग्रामसभेत ठराव वाचून होईस्तोवर सह्या झालेल्या असतात.

टेक्सासचा_तुकाराम

पण सदूभाऊ, उद्या तुम्हाला डाळिंब लावायचंय आणि बारा जण म्हणाले गहूच, तर?

सदूभाऊ_माणदेशी

तर मी म्हणेन गहू. आणि रात्रभर झोप लागणार नाही. 😄

खरं सांगतो, मला ते चालणार नाही. डाळिंबावर पोरींची शिक्षणं झाली. लॅक्स्टनची खुंटी मला पाहिजे, लॅक्स्टनचं पीक नको.

रानवाटा

तेच म्हणणार होते. या धाग्यात सगळ्यांना ज्यूरी हवीय आणि कुणालाच तीन रानांचं चक्र नकोय. पण ज्यूरीला धार येते ती चक्रामुळे. सगळे एकाच रानात, एकाच वेळी, एकच पीक घेतात म्हणून तर एका दुपारी सगळं तपासून होतं. प्रत्येकाचं पीक वेगळं असतं तर ज्यूरी महिनाभर ट्रॉलीतून उतरली नसती.

हिरवा_चहा

रानवाटा, मुद्दा पटला. थोडं अवांतर: चर्चही बघा. एव्हरिंगहॅम या इथल्या जुन्या जमीनदार घराण्याच्या दगडी पुतळ्यांच्या रांगेत एका बाईचा पुतळा लाकडाचा आहे. आणि गावाच्या उत्तरेला मातीचा उंचवटा दिसेल, तो नॉर्मन किल्ला. शेरवुडच्या शाही जंगलाचा कारभार बघणाऱ्यांचा. रॉबिन हुडवाल्या मंडळींनी कृपया इथं सुरू होऊ नये.

मिरचीचा_ठेचा

रॉबिन हुडलाही साइकमध्ये घोडा घातल्याबद्दल दंड झाला असता.

परतीचा_पाऊस

सगळं वाचलं. पोथीबाजांनी २०२० चं सांगितलं नाही. क्राउन इस्टेटनं त्या वर्षी लॅक्स्टन विकलं, आणि घेतलं कुणी तर थोर्सबी इस्टेटनं. म्हणजे मॅनव्हर्सचेच वारस. ६८ वर्षांनी गाव फिरून त्याच घराण्याकडे.

त्यामुळे 'सरकारनं जपलं म्हणून टिकलं' हे आता पूर्ण लागू होत नाही. मालक खासगी, कुळं तीच, कोर्ट तेच. माझा प्रश्न मालकाचा नाही, कुळांचा आहे. जुनी कुळं थकली की नवीन कोण येणार? इतक्या अटी घालून, थोड्या जमिनीवर, आजच्या खर्चात पोट भरणारा तरुण शेतकरी कुठून आणायचा? कोर्टाला बारा जण लागतात. ज्या वर्षी बारा मिळणार नाहीत त्या वर्षी विठूंच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

धुक्यातला_विठू

परतीचा_पाऊस, हा खरा मुद्दा, आणि धागा काढताना माझ्या डोक्यात तो नव्हता. मी जिवंत-मेलेलं हे पद्धतीवरून तोलत होतो. बऱ्याच कुळांना रानांच्या बाहेर कुंपणातली जमीनही आहे, नुसत्या पट्ट्यांवर भागत नाही. म्हणजे पट्टा हा त्यांच्या पोटाचा एक भाग आणि बाकी गावात राहण्याची अट.

तरी संग्रहालय मी म्हणणार नाही. संग्रहालयात कुणी चर साफ न केल्याबद्दल शेजाऱ्यावर चिडत नाही. पाहणीच्या दिवशी तिथं खरी चिडचीड होती.

पोथीबाज

अनुदानित चिडचीड.

धुक्यातला_विठू

असेल. चिडचीड तर आहे ना.

नकाशेवाला

एक पुरवणी. मोकळी रानं इंग्लंडात आणखी दोन-तीन ठिकाणी उरलीत, डेव्हनमधलं ब्राँटन आणि लिंकनशायरकडचं अ‍ॅक्सहोम. पण तिथं जमीन उरली, कोर्ट उरलं नाही. रानवाटांच्या 'ज्यूरीला धार चक्रामुळे' या म्हणण्याची उलटी बाजू तपासायला ही जागा चांगली. कुणी जाऊन आलंय का?

हिरवा_चहा

ब्राँटनला गेलेय, पण समुद्र बघायला. शेत कुणी बघितलं!

रानवाटा

पुढच्या उन्हाळ्यात मँचेस्टरला बहिणीकडे जाणारेय. लॅक्स्टनला कधी जावं? कोर्ट बघायला मिळतं का?

धुक्यातला_विठू

उन्हाळ्यात कोर्ट नाही, पण गवत कापायच्या आधी गेलात तर साइकमधली फुलं मिळतील. डव्हकोटच्या बाजूलाच छोटं माहिती केंद्र आहे, तिथून वाटांचा नकाशा घ्या. गाडी घेऊनच जा. आणि वाटेवरूनच चाला, पट्ट्यात पाय घालू नका.

सदूभाऊ_माणदेशी

ताई, जाताय तर त्या खुंटीचा एक फोटो काढा. किती इंच वर, किती खाली आणि कसलं लाकूड, तेवढं विचारून या.